सर्प गुरू आणि आमचं घर



भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वीपासून सुरुवात होते. मग वारा, आकाश, पाणी, पुढे कबुतर, अजगर, समुद्र, पिंगळा, कुमारीच्या हातातली कांकणं. असं करत करत बाविसावा गुरू येतो, तो साप. आता सापापासून काय घ्यायचं? अवधूत म्हणतो, राजा, साप घर बांधत नाही. दुसऱ्यानं कष्टानं उभं केलेलं वारूळ असतं, त्यात जाऊन हा सुखानं राहतो. देहाचाच भरवसा नाही, तिथं माणसानं घर बांधायचा खटाटोप करणं म्हणजे दुःख विकत घेणं. पैठणच्या नाथमहाराजांनी 1573 साली काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं, आणि आपल्यासारख्यांच्या पदरात हे ज्ञान मराठीत पडलं.

हा भाग मी चाळीस वर्षं सांगतो आहे. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं चार वर्षं राहून मी तो शिकलो. अर्थ पाठ, दृष्टांत पाठ, कुठं टाळ थांबवायचे तेही पाठ. आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, माउली, मी घर बांधायला काढलं.

हसा. कीर्तनाला बसलेले लोकही हसले होते. तुम्ही पुस्तकात वाचताय म्हणून तुमचं हसू मला ऐकू येत नाही, एवढंच.

पण का काढलं ते आधी ऐका. आमचं गाव धारूर. बालाघाटाच्या डोंगरावरचं गाव, सीताफळाचं आणि किल्ल्याचं. हा किल्ला आदिलशाहीच्या किश्वरखानानं 1567 च्या सुमारास बांधला. बांधून फार वर्षं झाली नाहीत तोच निजामशहाची फौज आली, आणि बांधणारा तिथंच मारला गेला. लहानपणी आम्ही त्या तटावर शेरडं चारली. बांधणाऱ्याचं काय झालं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं जुनं घर माळवदाचं. मराठवाड्यातल्या माउलींना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया, वर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी मिरगाच्या आधी वर नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात आत असं गार की देवघरात बसल्यासारखं. पण दर वर्षीची माती डोक्यावर साठत जाते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

1993 साल. अनंत चतुर्दशी झाली, गणपती बोळवले, दमलेली माणसं गाढ झोपली. 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार-पाच मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या धारूरला भिंती हलल्या, देवळीतली समई खाली पडली, तुळयांतून माती गळाली, पण घर उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या भाकरी गोळा करून ट्रकनं तिकडं गेलो. मी काय पाहिलं ते सगळं सांगणार नाही. एकच सांगतो. दगडी भिंतीचे बाहेरचे दगड बाहेर पडले होते, आतले आत पडले होते, आणि मधल्या माणसांवर माळवद आलं होतं. नंतर इंजिनिअर लोकांनी सांगितलं, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड त्यात नव्हता. दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या, मध्ये भर होती, आणि आपण तिला एक भिंत समजत होतो.

मी परत आलो आणि आईला सांगितलं. सांगायला नको होतं. त्या रात्रीपासून माझी आई घरात झोपली नाही. त्या वेळी सगळं गावच अंगणात झोपत होतं म्हणा. महिन्या-दोन महिन्यांनी लोक आत गेले. आई गेली नाही. पावसात ओसरीच्या कडेला बाज टाकायची, थंडीत दोन वाकळा घ्यायची. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, बावीस वर्षं. मी गावोगाव देहाच्या नश्वरतेवर कीर्तन करून रात्री दोनला घरी यायचो, तर म्हातारी अंगणात जागी. म्हणायची, "आलास का? आत जाऊन नीज, पर दार लावू नको, पळता आलं पायजे."

म्हणून घर. सापाची गोष्ट मला ठाऊक होती, पण सापाला आई नसावी.

मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे. त्यानं एका इंजिनिअरकडून नकाशा काढून आणला. अकराशे फूट, कॉलम-बीमचं घर. त्यात आमची प्रत्येकाची भर. सूनबाईंना ओटा उभा पाहिजे, मला वारकरी उतरतील एवढा मोठा हॉल पाहिजे, मुलाला गाडी लावायला जागा पाहिजे. आईला विचारलं तर म्हणाली, "दोन दारं ठिवा." एक सज्जन वास्तुशास्त्र बघायला आले आणि स्वयंपाकघर फिरवून गेले, त्यात मोरी देवघराला चिकटली, मग मोरी फिरवली. नकाशा पाच वेळा बदलला. 2015 ची अक्षय्य तृतीया धरली. मुहूर्त पाहिला माउली, पाणी पाहिलं नाही.

जुनं घर उतरवताना पंचेचाळीस ट्रॅक्टर माती निघाली. मी मोजली. पंचेचाळीस ट्रॅक्टर माती डोक्यावर घेऊन आम्ही तीन पिढ्या झोपलो होतो.

पायाचे खड्डे घेताना तिसरा खड्डा खचला. बघतो तर खाली पोकळ. आजोबांच्या वेळचं बळद, धान्य साठवायचं. वरून फरशी टाकून बुजवलेलं, कुणाच्या लक्षात नाही. मिस्त्री म्हणाला, "महाराज, नेमका इथंच कॉलम येतोय." मग ते बळद उपसलं, खालच्या मुरमापर्यंत गेलो, दगड आणि काँक्रीट भरून वर आलो. खर्च वाढला तो तिथून. त्यात पहिल्या ठेकेदारानं उचल घेतली आणि दुसरीकडं काम धरलं. त्याला काही बोलून उपयोग नव्हता, तो फोनच उचलत नव्हता. मग आम्ही मजुरीनं मिस्त्री लावला आणि माल स्वतः आणायला लागलो. मला तोवर गजाचं माप कळत नव्हतं. आठ एमएम, बारा एमएम, सोळा एमएम. आता झोपेतून उठवलं तरी सांगतो. ब्रासचा हिशेब विचारा, सांगतो. एकदा कीर्तनात "चौदा भुवनं" म्हणायचं तर तोंडातून "चौदा ब्रास" निघालं. टाळकरी खाली मान घालून हसले.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. दसरा आला, आणि आमच्या बीड जिल्ह्यात दसऱ्यानंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ट्रकच्या ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. बांधकामाला कोरडे दिवस चांगले, पण त्याच दिवसांत आमच्याकडं बिगारी नसतो. माझ्याकडं विटा वाहणारं एक जोडपं होतं. जाताना भेटायला आलं. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "तुझं घर कुठवर आलं रे?" त्याला घरकुल मंजूर होतं. म्हणाला, "जोत्यापतूर आलंय महाराज. पुढचा हप्ता आला की बघू." आणि सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायला निघून गेला. त्याच्या घराचं जोतं आणि माझ्या घराचं जोतं त्या दिवशी एकाच उंचीला होतं. ते दोन्ही त्यानंच बांधलेलं.

मला त्या वेळी चोखोबांची आठवण झाली. तुम्ही पंढरीला जाता, नामदेव पायरीपाशी उभे राहता, समोर चोखोबांची समाधी. ते गेले कसे? 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, तिथं ते राबत होते, आणि कूस कोसळलं. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हतं, त्या कुसाखाली ते गेले. नामदेवराय आले, ढिगाऱ्यातून हाडं वेचली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं संतचरित्रं सांगतात. हे मी सांगतो तेव्हा लोक डोळे पुसतात. मीही पुसतो. पण किल्लारी पाहिल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट राहून जाते. नामदेवरायांनी चोखोबा ओळखले. त्यांच्याबरोबर भिंतीखाली गेलेले बाकीचे मजूर, त्यांची हाडं कुणी वेचली असतील?

असो. पुढं चला.

राहिलेली माणसं धरून माघात कॉलम भरले. नऊ कॉलम. आणि काँक्रीटला, माउली, पाणी लागतं. भरून झालं की त्याची तहान सुरू होते. गोणपाट गुंडाळायचं आणि दोन आठवडे तरी ओलं ठेवायचं, नाहीतर आतून कच्चं राहतं. आता ते 2016 चं साल आठवा. आमच्या शेजारच्या केज तालुक्यात मांजरा धरण, ते कोरडं ठाक पडलं. लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, सगळ्या देशानं ती रेल्वे पाहिली. धारूरला तर आम्ही डोंगरावर. गल्लीत घागरींची रांग, रात्री-बेरात्री नळाकडं कान. मी घाटाखालच्या एका विहिरीवरून पाच हजार लिटरचा टँकर आणवला. विकत. पैसे दिले होते, चोरी केली नव्हती.

मी पाइप धरून कॉलमला पाणी मारत होतो. गल्लीतली एक लेकुरवाळी हंडा घेऊन आली. दोन दिवस त्यांच्याकडं पाणी नव्हतं. म्हणाली, "महाराज, एक हंडा द्या."

आणि मी म्हणालो, "माय, हे बांधकामाचं पाणी आहे."

हे वाक्य मी बोललो. मुलगा नाही, मिस्त्री नाही. मी. पाणी पिण्यालायक नाही असं मला म्हणायचं होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं. पण ते पाणी चांगलं होतं, आदल्या दिवशी मी स्वतः प्यालो होतो. तिनं काही म्हटलं नाही. हंडा दुसऱ्या कडेवर घेतला आणि गेली.

आई समोरच्या भिंतीच्या सावलीला बसलेली. आम्ही दोन पत्र्याच्या खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, दिवसभर ती बांधकामापाशी येऊन बसायची. म्हणाली, "आरं, खांबाला लई तान लागली का?"

माउली, काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला चालले होते, तेव्हा तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला ती कावड पाजली कुणी? नाथमहाराजांनी. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देव कावडीनं पाणी भरत होता, तो रांजण पैठणला नाथषष्ठीला अजून भरतात. हा प्रसंग मी किती वेळा सांगितला असेल? हजार वेळा म्हणा. गाढवाच्या जागी उभं राहून सांगितला, नाथांच्या जागी उभं राहून सांगितला. लोकांनी पाकिटं दिली, श्रीफळ दिलं, उपरणी दिली. त्या पाकिटांच्या पैशातूनच तो टँकर आला होता. नाथांनी गाढवाला दिलं ते पाणी मी बाईला दिलं नाही, आणि दिलं कुणाला, तर सिमेंटला.

मी पाइप सोडून दिला. सूनबाईंना दोन घागरी घेऊन त्यांच्या घरी पाठवलं. तिनं घेतल्या, "कशाला तरास घेतला" म्हणाली. राहिलेला टँकर गल्लीत वाटला. वाटला म्हणून सांगतोय असं समजू नका, तो वाटून झालेली गोष्ट मिटत नाही. त्या दिवशी काम बंद केलं.

दोन वर्षं ते नऊ खांब तसेच उभे. वर गज बाहेर आलेले. कुणी म्हणायचं महाराजांचे पैसे संपले, कुणी म्हणायचं भावकीत वाद झाला. एका गावात तर कीर्तनाआधी अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्या त्या खांबांचं काय झालं?" त्या वर्षी पाऊस आला, चांगला आला, पण तोवर नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि मजुरी द्यायला सुट्टा पैसा राहिला नाही. मग मुलाचं एक आजारपण निघालं. पैसे खरंच संपले. थांबवलं मी मनानं होतं, पुढं ते आपोआपच थांबलेलं राहिलं, हेही सांगितलं पाहिजे.

आई रोज संध्याकाळी जाऊन त्या खांबांवरून हात फिरवायची. एका खांबाला तिनं आपली म्हणून हळद-कुंकूही लावलं.

2017 च्या शेवटी पुन्हा काम धरलं. या वेळी मृगानंतरचं पाणी पाहून, मग मुहूर्त. गजांना गंज चढला होता. मिस्त्री आधी तारेच्या ब्रशनं घासून सिमेंटचं पाणी लावतो म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, "महाराज, बंद करतानाच लावायला पायजे होतं, मला बोलवायचं हुतं." खरं होतं. राग मनात धरून पाठ फिरवली, तर गजाला गंज लागतो. वाळूचे लिलाव अडकलेले, गोदावरीची वाळू मिळेना, मग निम्मं काम दगडाच्या भुकटीवर. स्लॅब पडला त्या दिवशी पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत चाळीस माणसं. वर आळ्या करून पाणी भरलं. या वेळी टँकर सांगताना दोन सांगितले, एक स्लॅबला आणि एक गल्लीला. पैसे कर्जाचे होते.

गिलावा 2018 च्या दुष्काळात पुन्हा राहिला. फरशी झाली आणि करोना आला. ते सगळं सांगत बसत नाही, तुमच्याही घरी तेच झालं असेल. 2021 ला वास्तुशांती केली. मोजकी माणसं. त्या लेकुरवाळीला मी स्वतः जाऊन बोलावलं. आली, आईच्या पाया पडली, घर फिरून पाहिलं. ताटावर बसा म्हटलं तर म्हणाली, "आज उपास हाय महाराज." मी पंचांग बघणारा माणूस आहे. त्या दिवशी कसलाच उपास नव्हता.

आणि ज्या आईसाठी हे सगळं, तिची तऱ्हा ऐका. हॉलच्या शेजारची खोली तिची, दोन दारांची. पहिल्या रात्री पलंगावर आडवी झाली. मी दारात बसलो. थोड्या वेळानं म्हणाली, "वर किती माती हाय रं?" म्हटलं, माती नाही आई, पाच इंचाचा स्लॅब आहे, लोखंड आहे. "बरं," म्हणाली. रात्री तीनला पाहिलं तर बाज ओसरीत. वर्षभर तेच. कॉलम तिनं पाहिले होते, गज पाहिले होते, मिस्त्रीशी तिची दोस्ती झाली होती, पण भीतीला हे काही कळत नाही. भीतीला फक्त 1993 कळतं.

2022 ला वारी पुन्हा पायी सुरू झाली. पाथरीकडून माजलगावमार्गे घाट चढून एक लहान दिंडी आली. पाऊस धो धो. साठ-पासष्ट माणसं, त्यात तीसेक बायका. पुरुष शाळेत उतरवले, बायका आमच्या हॉलमध्ये. ओल्या पताका, ओली लुगडी, चिखलाचे पाय, नवी फरशी. सूनबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी वर पाहिलं. ती लेकुरवाळी न बोलावता आली, बरोबर आणखी दोघी, आणि चुलीजवळ बसून भाकरी थापायला लागली. मी काही बोललो नाही. तीही नाही. भाकरी बास आता म्हटल्यावर पदराला हात पुसून गेली.

रात्री हरिपाठ झाला. बायकांनी आईला मध्ये घेतलं, गावाकडच्या गप्पा, कुणाला लेकी किती, कुणाची सून कशी. मी पलीकडच्या खोलीत. पहाटे काकड्याला उठलो आणि ओसरीत गेलो तर बाज रिकामी. काळजात धस्स झालं. बाहेर पाहिलं, अंगणात पाहिलं. मग हॉलचं दार लोटलं. तीस बायका ओळीनं निजलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, एका अनोळखी माउलीच्या वाकळेत अर्धी शिरून, माझी आई. घोरत होती.

दोन्ही दारं मात्र सताड उघडी होती. मी ती तशीच ठेवली.